शिपायाची रंगाई

अंगठ्याच्या वरच्या पेरावर उभा राहील एवढा एक शिपाई. उंची साधारण २८ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाला थोडी कमीच. डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला पट्टा, पट्ट्याला बक्कल, पाठीवर पडशी, हातात बंदूक. चेहऱ्याला नाक आहे, डोळे आहेत आणि त्या डोळ्यांत बुबुळंही काढायची आहेत. हा शिपाई रंगवायचा. असे वीस. आणि मग गिऱ्हाइकाला सांगायचं, किती पैसे झाले ते. आज मी बोलणार आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, खेळण्यातल्या शिपायांच्या रंगकामाची ही काय एवढी चर्चा! पण ज्या कामाला सरकारी दरपत्रक नाही, संघटना नाही, परंपरेनं चालत आलेला भाव नाही, अशा कामाची मजुरी ठरवायची कशी, हा प्रश्न लहान नाही. शिंप्याच्या कामाला आपल्याकडे ‘शिलाई’ असा सुटसुटीत शब्द आहे. त्याच चालीवर मी या कामाच्या मजुरीला ‘रंगाई’ म्हणतो.

लढाईचा खेळ म्हटला की आपल्याला बुद्धिबळ आठवतं, आणि ते बरोबरच आहे. जर्मनीत १७८० मध्ये हेल्विग नावाच्या गृहस्थानं बुद्धिबळाचाच पट वाढवून एक लष्करी खेळ तयार केला. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्यानं नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा खेळ वरिष्ठांपुढे ठेवला, आणि तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणात जाऊन बसला. हौशी माणसांच्या दिवाणखान्यात तो रुजला इंग्लंडमध्ये. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानं आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढली. शिसं कमी लागलं, शिपाई स्वस्त झाले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकानं ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तकच लिहिलं. ब्रिटन यांचे शिपाई रंगवलेलेच मिळत. ते रंगवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. डब्यावर नाव कारखान्याचं असे, रंगवणारीचं नसे.

पुढं चित्र पालटलं. १९७५ मध्ये लंडनला गेम्स वर्कशॉप ही कंपनी निघाली. १९७९ मध्ये तिच्या आधारानं सिटाडेल हा पुतळ्यांचा कारखाना उभा राहिला, १९८३ मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि १९८७ मध्ये त्याचा दूरच्या भविष्यकाळातला भाऊ ‘वॉरहॅमर ४०,०००’. आज कंपनीचं ठाणं नॉटिंगहॅमला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. तिच्या डब्यात काय मिळतं? राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले सुटे हात, सुटे पाय, सुटी डोकी. कापायची तुम्ही, चिकटवायची तुम्ही, रंगवायचीही तुम्ही. आपल्याकडे दिवाळीत किल्ल्यावर मांडायला आणलेला मावळा निदान फेटा रंगवून तरी येतो. इथं सगळंच गिऱ्हाइकावर सोडलेलं, आणि गंमत अशी की त्यातच त्या छंदाचं सुख आहे.

पण प्रत्येकाला ते सुख झेपत नाही. कुणाचा हात कापतो, कुणाला वेळ नसतो, कुणाला खेळायला आवडतं पण रंगवायचा कंटाळा. शिवाय २०२० मध्ये आलेल्या वॉरहॅमर ४०,०००च्या नियमावलीत रंगवलेलं सैन्य घेऊन येणाऱ्याला शंभरपैकी दहा गुण केवळ त्या रंगासाठी ठेवले गेले. स्पर्धेत दहा गुण म्हणजे चेष्टा नव्हे. तेव्हा डबा विकत घ्यायचा आणि कुणाकडून तरी रंगवून घ्यायचा, हा रिवाज चांगलाच पसरला आहे. रंगवून देणारी माणसं घराच्या कोपऱ्यात, टेबलावर दिवा लावून बसलेली असतात.

अशांपैकी एक माझ्या मावसबहिणीची मुलगी. लेस्टरला राहते, नॉटिंगहॅमच्या शेजारीच. नवरा गोदामात पाळीनं कामाला, मूल लहान. शाळेत असताना रत्नागिरीला तिनं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिलेल्या. मूल झोपलं की ही ब्रश काढते. फोनवर एकदा म्हणाली, “मामू, काम भरपूर येतंय, पण हातात काही राहत नाही. मनगट मात्र दुखतं.” मी विचारलं, “बेटा, भाव कसा ठरवतेस?” ती म्हणाली, “बाकीचे जे घेतात त्याच्यापेक्षा थोडा कमी.” तिथून आमचा हिशेब सुरू झाला. या धंद्यात भाव ठरवायच्या ज्या दोन-तीन रीती आहेत त्या तेव्हा मी समजून घेतल्या.

सगळ्यात सोपी आणि म्हणूनच सगळ्यात वाईट रीत म्हणजे डब्याच्या किमतीच्या पटीत भाव सांगणं. डबा ३० पौंडांचा, तर रंगाई त्याच्या दुप्पट, ६० पौंड. ऐकायला बरं वाटतं. पण डब्याची किंमत ठरते ती साच्याच्या खर्चावर, कंपनीच्या नावावर, त्या पुतळ्याला खेळात असलेल्या महत्त्वावर. रंगवायला लागणाऱ्या वेळाशी तिचा काही संबंध नाही. एकाच किमतीच्या दोन डब्यांत एकात दहा शिपाई असतील आणि दुसऱ्यात एकच मोठा सरदार. आता आपल्या शिंप्याकडे बघा. शर्टाचं कापड २०० रुपये मीटरचं असो की २,००० रुपयांचं, तो शिलाई तीच सांगतो. रेशमी ब्लाउजला जास्त घेतो तो रेशीम महाग आहे म्हणून नव्हे, ते निसटतं, अस्तर लावावं लागतं आणि कात्री चुकली तर भरून द्यावं लागतं म्हणून. मेहनत आणि जोखीम या दोन गोष्टींचे पैसे तो घेतो. अक्षरओळख नसलेल्या शिंप्यालाही कळलेली ही गोष्ट डब्याच्या पटीत भाव सांगणाऱ्यांना कशी कळत नाही, याचं मला नवल वाटतं.

दुसरी रीत नगावर. एका शिपायाचे इतके. ही बरी, कारण गिऱ्हाइकाला समजते. पण नग आणि नग सारखा नसतो. या खेळांत हाडांच्या सापळ्यांचं सैन्य असतं. त्यांना हाडाच्या रंगाचा फवारा मारला, वरून पातळ तपकिरी रंग सोडला, तो खाचांत जाऊन बसला, वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला, की पंधरा-वीस मिनिटांत सापळा उभा. याच्या उलट नेपोलियनच्या काळातला हुसार घोडेस्वार घ्या. छातीवर सोनेरी दोऱ्यांच्या आडव्या रांगा, डाव्या खांद्यावरून लोंबणारा फर लावलेला दुसरा डगला, त्यावर पुन्हा तशाच दोऱ्या, शिवाय घोडा, खोगीर आणि लगाम. प्रत्येक पलटणीची कॉलर आणि कफ यांचा रंग वेगळा, आणि तो चुकला तर गिऱ्हाईक पुस्तक उघडून दाखवतो. सापळ्याच्या भावात हुसार रंगवणं म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे घालून दुसऱ्याचं सैन्य उभं करणं.

आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यातही हाच पेच आहे. दशावतारी गंजिफ्याची पानं १२०. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. त्यांत राजा आणि प्रधान ही दोन चित्रांची आणि बाकीची दहा एक्क्यापासून दश्शीपर्यंत मोजणीची. मोजणीच्या पानावर ठराविक खुणा भराभर निघतात. राजाच्या पानावर मात्र अख्खा अवतार बसवायचा असतो. म्हणून पानागणिक भाव करण्यात अर्थ नाही, संचाचा एक भाव करायचा आणि त्यात सोप्या पानांनी अवघड पानांना सांभाळून घ्यायचं. सैन्याचंही तसंच करता येतं. साधे शिपाई, निशाणवाला, सरदार, तोफ असं सगळं मिळून एक आकडा. फक्त तो आकडा काढताना आपल्या वहीत प्रत्येकाचा वेळ वेगळा लिहिलेला हवा.

म्हणजे शेवटी गाडी वेळेवरच येते. मी भाचीला सांगितलं, पुढच्या वीस शिपायांना घड्याळ लाव. तिनं लावलं. जे आकडे आले ते जरा गोल करून सांगतो. सुटे भाग कापणं, साच्याच्या शिवणी खरवडणं, चिकटवणं यात शिपायामागे १० मिनिटं. रंगकाम ४५ मिनिटं. पायाखालच्या चकतीवर वाळू, खोटं गवत आणि शेवटी वॉर्निशचा हात, ५ मिनिटं. झाला एक तास. वीस शिपायांचे २० तास. त्याशिवाय गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार, फोटो काढून पाठवणं, बांधाबांध आणि टपाल कचेरीतली रांग, हे ३ तास. एकूण २३ तास. ती घेत होती शिपायामागे ५ पौंड, म्हणजे १००. त्यातून रंग, ब्रश, वॉर्निश आणि टपालाचे २० गेले. राहिले ८०. ८० भागिले २३ केले तर तासाला साडेतीन पौंडही पडत नाहीत.

आता ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांवरच्या कामगाराला कायद्यानं द्यायचं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स ठरलं. कपबशा विसळणाऱ्यालाही ते द्यावं लागतं. पण कायदा नोकराला आहे. जो स्वतःचाच मालक आणि स्वतःचाच नोकर, त्याला नाही. नोकराला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजाही मिळते. टेबलावर दिवा लावून बसलेल्या माझ्या भाचीला ईदचीसुद्धा रजा नाही, घेतली तर तेवढी कमाई बुडाली.

तेव्हा उलट हिशेब मांडला. २३ तास गुणिले १२.२१, म्हणजे सुमारे २८१ पौंड. त्यात सामानाचे २० मिळवले की ३०१. शिपायामागे १५ पौंड. रजा, आजारपण, अडलेले दिवस यांतलं काहीही न धरता हा अगदी तळाचा भाव. ५ आणि १५! फोनवर बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “मामू, पंधरा सांगितले तर एकही माणूस थांबणार नाही.”

मला जे सुचलं ते मी सांगितलं. भाव उतरवायचा असेल तर काम उतरव, मजुरी उतरवू नकोस. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपनं एक पातळ जातीचे रंग बाजारात आणले. एकच हात दिला की खाचेत गडद आणि उंचवट्यावर उजळ असे ते आपोआप बसतात. टेबलावर तीन फुटांवरून बघायच्या सैन्याला ते पुरेसे असतात. ते वापरले आणि पट्ट्यांच्या कडेकडेनं केसाएवढी उजळ रेघ ओढायचं सोडून दिलं, तर ४५ मिनिटांची २० होतात. मग शिपायामागे ३५ मिनिटं, वीसांचे ११ तास ४० मिनिटं, वरचे ३ तास धरून १४ तास ४० मिनिटं. मजुरी १७९, सामान २०, मिळून १९९ पौंड. शिपायामागे १०. आणि गिऱ्हाईक स्वतःच जोडून, घासून पाठवत असेल तर आणखी ३ तास २० मिनिटं वाचतात, भाव ८ पौंडांवर येतो. तीन पाट्या झाल्या: ८, १० आणि १५. तिन्हींत तासाची मजुरी तीच. गिऱ्हाइकानं आपल्या ऐपतीप्रमाणे काम निवडावं, रंगवणारीच्या पोटातून सूट मागू नये.

यावर एक रास्त शंका निघते. समजा, एखादा नवशिका एका शिपायाला चार तास लावतो. त्याचे ४८ पौंड गिऱ्हाइकानं का द्यावेत? नाहीच द्यावेत. शिकण्याचे तास शिकणाऱ्याचे. हात बसलेल्या माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढ्याच वेळाचा भाव रास्त. पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. ज्याचा हात वीस वर्षांच्या सरावानं इतका बसला आहे की तो तेच काम निम्म्या वेळात आणि दुप्पट नेटकं करतो, त्याला ‘तुला कुठं वेळ लागतो’ म्हणून निम्मे पैसे द्यायचे का? त्याच्या जलदपणात त्याचे फुकट गेलेले हजार तास आहेत. हे मी जरा जोरात बोलतो, त्याचं कारण आहे. आमच्याकडे लग्नात नवरदेवासाठी सेहरा लिहून घेतात. शायरानं तासाभरात लिहून दिला की घरचे म्हणतात, “तुम्हाला काय, बसल्या बसल्या सुचतं.” आणि मिठाईचा एक पुडा हातात ठेवतात. मिठाई चांगली असते, तक्रार नाही.

घाऊक सवलत हा आणखी एक कळीचा मुद्दा. “शंभर शिपाई देतो, भाव कमी करा.” काही अंशी हे बरोबर आहे. रंग एकदाच कालवायचा, फवारा एकदाच मारायचा, पत्रव्यवहार एकाच गिऱ्हाइकाशी. पण हे यंत्र नव्हे. एकच निळा डगला साठ वेळा रंगवला की हात आंबतो, डोळ्यांपुढं निळं नाचायला लागतं, आणि मागचे शिपाई पुढच्यांपेक्षा जास्त वेळ खातात. म्हणून घाऊक सवलत वाचलेल्या वेळाएवढीच द्यावी, बाकी देऊ नये. कापड गिरणीचा नियम माणसाच्या मनगटाला लावण्यात अर्थ नाही.

मात्र चेहऱ्याच्या बाबतीत मी कुणालाही काटकसर सुचवणार नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात बाकीचं अंग कुणीही रंगवतो, पण डोळ्यांची आखणी ठराविक हातच करतात. मूर्तीत जीव येतो तो तिथं. अकबराच्या चित्रशाळेतही हीच वाटणी होती. एका चित्राची रेखाटणी एकाची, रंग दुसऱ्याचे आणि कधी कधी चेहऱ्यांसाठी तिसराच उस्ताद, अशी नावं तिथल्या चित्रांच्या खालच्या कडेला लिहिलेली सापडतात. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलं आहे की दर आठवड्याला दारोगे चित्रकारांचं काम बादशहापुढं ठेवत आणि कामाच्या दर्जाप्रमाणे बक्षीस मिळे किंवा दरमहाचा पगार वाढे. त्याच ठिकाणी त्यानं असंही लिहिलं आहे की चित्रकारांना लागणाऱ्या सामानाचे योग्य भाव काळजीपूर्वक ठरवले गेले. सोळाव्या शतकातल्या बादशाही कारखान्याला जे जमलं ते लेस्टरच्या टेबलावर का जमू नये? दरमहा पगार आधी, गुणवत्तेचं बक्षीस वेगळं, आणि सामानाचा हिशेब तिसरा. चेहरा जीव ओतून रंगवला तर त्याचं बक्षीस भावात वेगळं दाखवावं.

करार हा विषय आमच्या धर्मशास्त्रात बारकाईनं हाताळलेला आहे, आणि तो इथं मला फार उपयोगी वाटला. हनफी फिक्हमध्ये दोन वेगळे करार मानतात. माल गिऱ्हाइकाचा आणि मेहनत तेवढी कारागिराची असेल तर तो ‘इजारा’, म्हणजे मजुरीचा करार. माल आणि मेहनत दोन्ही कारागिराची असतील आणि वस्तू सांगितल्याप्रमाणे बनवून द्यायची असेल तर तो ‘इस्तिस्ना’. गिऱ्हाइकानं आपला डबा पाठवला तर इजारा. रंगवणारीनं डबा स्वतः विकत आणून तयार सैन्य दिलं तर इस्तिस्ना. फरक कागदी नाही. पहिल्यात डबा हरवला, पुतळा मोडला तर दुसऱ्याच्या मालाची जबाबदारी येते, ती आधी बोलून ठेवायला हवी. दुसऱ्यात तिचे पैसे आधी अडकतात, म्हणून विसार घेणं रास्त. दोन्हींत एक अट सारखी: मोबदला आधी उघड ठरलेला हवा. ठरलाच नसेल तर तशाच कामाला तशाच कारागिराला चालू बाजारात जे मिळतं ते द्यायचं. त्याला ‘उजरत-ए-मिस्ल’ म्हणतात. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, ही शिकवण तर आमच्या घरोघर माहीत असते. पाळणारे किती, ते मी इथं बोलत नाही.

पण चालू बाजार म्हटला की पुन्हा पंचाईत होते, कारण या बाजारात दोन वेगळी माणसं शेजारी शेजारी बसलेली आहेत. एक श्रीलंकेतल्या रंगशाळेत काम करणारा, दुसरा इंग्लंडमधला निवृत्त हौशी. श्रीलंकेत पुतळे रंगवून देणारे गट आहेत आणि तिथलं काम नीटस असतं. तिथं घरभाडं, भाजी, शाळेची फी वेगळी, त्यामुळे भाव कमी पडतो. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. दोन देशांत जगण्याचा खर्च वेगळा आहे, त्याचा तो परिणाम. त्यांच्याशी भावात भांडायला गेलात तर हराल. जवळ असण्याचा, गिऱ्हाइकाशी समोर बसून बोलण्याचा, दोन शिपाई तातडीनं करून देण्याचा जो फायदा आहे, तो आपला. हौशी माणसाचं मात्र वेगळं. त्याला पेन्शन आहे, संध्याकाळ मोकळी आहे, रंगाचे पैसे सुटले की तो खूश. त्यानं जरूर रंगवावं. फक्त त्यानं ‘माझा भाव’ म्हणून तो आकडा सांगू नये, ‘मी हौसेखातर करून देतो’ असं म्हणावं. एवढ्या एका शब्दानं शेजारणीच्या पोटावर येणारी टाच चुकते. आपण म्हणतो, हौसेला मोल नाही. खरं आहे, पण ती हौस ज्याची त्यानं आपल्या खर्चानं करावी.

गिऱ्हाइकाचीही बाजू आहे, ती सोडून चालणार नाही. रंगवून घेतलेलं सैन्य पुढं विकायला गेलं तर रंगाईचे पैसे क्वचितच वसूल होतात. काम ओबडधोबड असेल तर उलटंच होतं. घेणारा ते डेटॉलमध्ये बुडवून ठेवतो आणि जुन्या दातांच्या ब्रशानं सगळा रंग खरवडून काढतो. होय, डेटॉलच. आपण खरचटलं की लावतो तेच, इंग्लंडमध्ये या कामासाठी अगदी प्रसिद्ध आहे. तेव्हा गिऱ्हाईक देतो ते पैसे परत न येणारे आहेत, आणि त्याला आधी नेमकं कळायला हवं की आपण काय विकत घेतोय. ‘चांगलं करून देते’ हे उत्तर नव्हे. ‘टेबलावर खेळण्याजोगं’ म्हणजे काय आणि ‘कपाटात मांडण्याजोगं’ म्हणजे काय, हे रंगवलेल्या एकेका नमुन्याचा फोटो दाखवून सांगावं. किती रंग, कडेची रेघ आहे की नाही, बुबुळं आहेत की नाही, चकतीवर गवत की बर्फ. गिऱ्हाइकानं होकार दिला की तोच नमुना दोघांचा कागद.

भाचीनं तसं पत्रक केलं. आठ, दहा, पंधरा अशा तीन पाट्या, प्रत्येकीखाली एक फोटो. घोडेस्वार दोन नगांच्या बरोबर. हुसार वेगळा विचारावा. पाच कायमच्या गिऱ्हाइकांपैकी दोघं गेले. एक जण जाताना रागावून गेला, म्हणाला, पूर्वी तू परवडायचीस. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी दहाची पाटी घेतली, एकानं आपले शिपाई स्वतः जोडून पाठवायला सुरुवात केली आणि तो आठवर आला. काम निम्म्यावर आलं, पैसे पूर्वीपेक्षा थोडे जास्तच सुटले. मनगटाला आता पट्टा आहे, डॉक्टरनं सलग तासापेक्षा जास्त बसायला मनाई केली आहे. आणि ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायची जी सवय असते, ती मी तिला सोडायला लावली. रंगाच्या बाटलीवर काहीही लिहिलेलं असलं तरी ते पोटात जाण्यासाठी नसतं.

तिचा आता एकच प्रश्न शिल्लक आहे तो टपालाचा. रंगवलेले शिपाई कापसात गुंडाळले तर कापूस तलवारींना अडकतो, फोममध्ये दाबले तर कडांचा रंग घासतो. सध्या ती प्रत्येक चकतीखाली एक छोटं लोहचुंबक चिकटवते आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सैन्य उभं करून पाठवते. डबा हलला तरी शिपाई हलत नाहीत. चुंबकाचे वीस पेन्स आणि डब्याची किंमत ती पत्रकात वेगळी लावते. बिस्किटं मात्र घरीच संपवावी लागतात.